मार्थाची ओटी

१

शाळेची बस कोपऱ्यावर वळली की रेवाच्या हातातलं काम आपोआप सुटायचं. गॅस बंद, पायात चपला, आणि लिफ्टची वाट न बघता जिन्यानं खाली. मस्कतमधल्या वादी कबीरच्या त्या रस्त्याला एका बाजूला गॅरेजांची रांग होती आणि दुसऱ्या बाजूला कुटुंबांच्या इमारती. भर दुपारी तापलेल्या टायरांचा वास थेट जिन्यापर्यंत यायचा. बसमधून आर्यन उतरत नसे, उडी मारायचा. पाच वर्षांचं पोर, पण सरळ चालणं म्हणून त्याला ठाऊक नव्हतं. दोन पावलं धावायचं आणि तिसऱ्याला दोन्ही पाय जुळवून आपटायचे, ही त्याची चाल. टप, टप, दण्. खालच्या मजल्यावरच्या अमरीनभाभी हैदराबादच्या, जिभेनं तिखट आणि मनानं मऊ. त्या दारातूनच ओरडायच्या, "रेवा, आ गया तुम्हारा घोडा? मेरे कप हिल रहे हैं!"

रेवा तोंडानं सॉरी म्हणायची आणि मनातून फुलायची. पोराच्या दंग्याची तक्रार ऐकताना आईला एक चोरटं सुख होतं, ते तिला इतरांहून जरा जास्तच व्हायचं. आर्यन काही सहज झालेला नव्हता. पुण्यातल्या डॉक्टरांचे उंबरठे झिजवून, सुया टोचून घेऊन, दर सणाला "गोड बातमी कधी?" हे सासरचं पालुपद ऐकून ऐकून तो झाला होता. लग्नाआधी ती कॉलेजात फिजिक्स शिकवायची. नवसाबिवसावर तिचा काडीचा विश्वास नव्हता, तरी उपचारांच्या त्या काळात तिनं दोन नवस केले होते आणि नवऱ्यापासून लपवले होते. नवरा कौशिक इथल्या एका बांधकाम कंपनीत इंजिनिअर. सकाळी लवकर जायचा तो अंधार पडायच्या सुमाराला घरी.

त्यांच्या बरोब्बर वरचा फ्लॅट बरेच दिवस रिकामा होता. थंडी सरता सरता तिथं माणसं आली. नवरा एलिया, बायको मार्था आणि आठेक वर्षांची मुलगी हन्ना. समोरच्या दारातली सुचित्रा, महाराष्ट्र मंडळाचं चालतंबोलतं वर्तमानपत्र, तिनं पहिल्याच दिवशी जाहीर करून टाकलं की केरळचे ख्रिश्चन आहेत. ग्रोसरीतला सलील स्वतः मल्याळी. तो म्हणाला, छे, आमच्यातले नाहीत, गोव्याकडचे असतील. गोव्याचं एक कुटुंब होतं, ते म्हणालं, इथिओपियाचे दिसतात. प्रत्येकाला ते दुसऱ्या कुणाच्या तरी मुलखातले वाटायचे. बोलायचे मात्र सगळ्यांशी स्वच्छ हिंदीत.

माणसं सालस. मांस नाही, दारू नाही, टीव्हीचा आवाज नाही. नवरा-बायको चालायचे ते मध्ये हातभर अंतर ठेवून. रेवाला खटकली ती मुलगी. ती आईबापांच्या मधून चालायची आणि तिचा डावा हात कायम अर्धवट उघडा, शरीरापासून थोडा लांब धरलेला असायचा. कुणाचं तरी बोट धरल्यासारखा. त्या हाताशी कुणीच नसायचं.

२

चैत्रातलं हळदीकुंकू रेवा मस्कतला आल्यापासून चुकवत नव्हती. भक्ती म्हणाल तर बेताचीच, पण आंब्याची डाळ आणि पन्हं यांच्यावर तिचं निस्सीम प्रेम होतं, आणि चार बायका जमवायला निमित्त हवंच. कैऱ्या सुचित्रानं आणल्या, हरभरे रेवानं भिजवले. अमरीनभाभी नुसत्या गप्पांना आल्या. आणि ऐन वेळी, लिफ्टमध्ये भेटली म्हणून, रेवानं मार्थालाही बोलावलं.

त्यामागं एक कारण होतं. आदल्या आठवड्यात मार्था तिला सहज बोलता बोलता म्हणाली होती, "हन्ना हमारी है. मगर हमने जनी नहीं." मूल होत नसण्याची ती वाट रेवा स्वतः चालली होती.

मार्था आली. पन्ह्याला हात लावला नाही, साधं पाणी मागून घेतलं. हन्ना दारातच उभी राहिली. सगळ्यांच्या ओट्या भरून झाल्यावर रेवा तिच्याकडे वळली तेव्हा सुचित्रा कानाशी कुजबुजली, "अगं, त्यांच्यात चालतं का हे?"

"न चालायला काय झालं? खण आणि नारळ तर आहे."

मार्थानं न सांगता डोक्यावरची ओढणी काढून मांडीवर पसरली. रेवानं खण ठेवला, नारळ ठेवला, ओंजळीनं तांदूळ घातले.

"इसका मतलब?" मार्थानं विचारलं.

"आपकी गोद भरे." एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण रेवाला भरून आलं होतं. तिच्या स्वतःच्या ओटीत अशाच एका हळदीकुंकवात तिच्या मावशीनं शेजारणीचं गुटगुटीत बाळ बसवलं होतं, पायगुण म्हणून, आणि वर्षाच्या आत आर्यन झाला होता. विश्वास नसला तरी उपकार आठवतातच. तिनं हरभऱ्यांचे बकाणे भरणाऱ्या आर्यनला उचललं आणि मार्थाच्या मांडीवर नारळाशेजारी बसवलं.

"हमारे यहाँ ऐसा करते हैं. गोद में बच्चा देते हैं."

मार्थाचा चेहरा अगदी स्थिर झाला. "देते हैं?"

"हाँ, देते हैं."

"खुशी से?"

"हाँ बाबा, खुशी से."

मार्थानं एकेकीकडे पाहिलं. "और ये सब गवाह हैं?"

बायका खळखळून हसल्या. "हाँ हाँ, हम सब गवाह!" सुचित्रा म्हणाली, आणि तिनं टाळीही वाजवली.

मार्थानं आर्यनला जवळ घेतलं नाही, गालाला हात लावला नाही. नुसता तळवा त्याच्या डोक्यावर ठेवला आणि डोळे मिटले. दारातून हन्ना आत आली. तिनं आर्यनचा हात आपल्या त्या डाव्या हातात घेतला. पुढची सगळी संध्याकाळ ती दोघं तशीच बसून होती आणि आर्यननं एकदाही हात सोडवून घेतला नाही.

३

दुसऱ्या का तिसऱ्या दिवशीची गोष्ट. रेवा आर्यनला वरणभात भरवत होती. तो खुर्चीवर मांडी घालून, तोंडात घास धरून, खिडकीतून गॅरेजमधली क्रेन बघत होता. आणि वर आवाज झाला.

टप, टप, दण्.

रेवाचा हात वाटीतच राहिला. वर हन्ना खेळत असेल. मुलं एकमेकांचं बघून शिकतात. आवाज हॉलमधून बेडरूमकडे गेला, तिथं जरासा अडखळला आणि परत आला. आर्यनही बेडरूमच्या दाराशी नेहमी अडखळायचा, तिथली फरशी किंचित वर आलेली होती म्हणून. पण ती फरशी रेवाच्या घरातली. वरच्या घरात ती का वर यावी?

कौशिकला सांगितलं तेव्हा तो जेवता जेवता म्हणाला, "जुनी बिल्डिंग आहे गं. कॉलममधून आवाज कसाही फिरतो. तुझ्या खाली वाजलेलं तुला वर वाजल्यासारखं वाटतं. तू फिजिक्सवाली, तुला मी काय सांगू?"

हे पटण्यासारखं होतं आणि रेवाला पटवून घ्यायचंच होतं. तिनं दोन दिवस पटवूनही घेतलं. मग तिच्या लक्षात आलं की प्रश्न वरच्या आवाजाचा नाहीच, खालच्या आवाजाचा आहे. आर्यन तिच्यासमोर हॉलभर उड्या मारत होता. दोन पावलं आणि तिसऱ्याला दोन्ही पाय. पाय फरशीवर पडताना दिसत होते, आणि ऐकू काहीच येत नव्हतं. आवाज यायचा तो वरून, डोक्यावरून, त्याच क्षणी.

ती ताडकन उठली आणि तिनं त्याला कडेवर घेतलं. त्याचं वजन होतं, केसांना घामाचा वास होता, सगळं जिथल्या तिथं होतं. तिनं त्याला घट्ट आवळलं तसा तो कुरकुरला.

"आई, तू मला हाक मार ना."

"मारते की रे राजा. मघाशी जेवायला मारली नव्हती?"

"ते वर ऐकायला नाही येत," आर्यन त्याच्या अडखळत्या मराठीत म्हणाला. "जोरात मार."

त्या दुपारी अमरीनभाभी जिन्यात भेटल्या आणि कौतुकानं म्हणाल्या, "तुम्हारे घर में आजकल बडी शांती है, माशाल्ला."

४

वॉचमन इक्बाल तसा भला माणूस. आर्यन जन्मल्यावर रेवानं पहिला पेढा त्याला दिला होता, आर्यनची पहिली सायकल त्यानं वर चढवली होती. एका संध्याकाळी रेवा आर्यनला घेऊन खाली दूध आणायला गेली तर तो हसून म्हणाला, "मॅडम, ऊपरवालों का बच्चा आप से बहुत हिल-मिल गया है."

"इक्बालभाई, क्या बोल रहे हो? आर्यन है ये!"

इक्बाल गोंधळला. त्यानं आर्यनकडे पाहिलं, मग रेवाकडे, मग खजील होऊन मान हलवली. "हाँ हाँ, आर्यन. उमर हो गयी, मॅडम." पण रेवाला दिसलं की त्याला पटलेलं नाही. बाईमाणसाशी वाद नको म्हणून तो मान हलवत होता.

पुढच्या दिवशी ती बसपाशी पोचेपर्यंत हन्ना तिथं उभी होती, आर्यनचं दप्तर तिच्या खांद्यावर आणि त्याचा हात तिच्या हातात. बसमधल्या बाईनं कुणालाही न विचारता मूल तिच्याकडे दिलं होतं. रेवानं आर्यनला जवळजवळ हिसकावून घेतलं. हन्नानं काही प्रतिकार केला नाही. लिफ्टजवळ एलिया उभा होता. त्यानं दार धरून ठेवलं आणि अदबीनं म्हणाला, "घबराइए मत, बहन. हम हाबेल के लोग हैं. हाबेल की कोई औलाद नहीं थी. हम किसी से कुछ छीनते नहीं."

रात्री जेवायला बसल्यावर तिनं हे सगळं कौशिकला सांगितलं. कौशिकनं मोबाईल काढला, शोधलं, आणि वाचता वाचता त्याला हसू फुटलं.

"हे बघ. हाबेल म्हणजे बायबलातल्या आदमचा मुलगा. त्याच्या नावाचा, हाबेलवाले म्हणून एक पंथ होता, उत्तर आफ्रिकेतल्या कुठल्याशा खेड्यात. लग्न करायचे, पण नवरा-बायको म्हणून राहायचे नाहीत. स्वतःचं मूल नाही. शेजाऱ्यांचा एक मुलगा आणि एक मुलगी घ्यायची, वाढवायची, आणि पुढं त्या दोघांनी तसंच जोडपं म्हणून राहायचं. शेजारी म्हणे आनंदानं द्यायचे, मुलांची कधी कमी पडली नाही. चर्चनं पाखंडी ठरवलं. सोळाशे वर्षांपूर्वी संपले, खलास! तो बुवा तुझी फिरकी घेतोय."

"एक मुलगा आणि एक मुलगी," रेवा म्हणाली.

"अगं, पुस्तकी माणूस असेल. वाचलं असेल कुठंतरी." त्यानं मोबाईल ठेवला, भाजी वाढून घेतली आणि टेबलापलीकडे बसलेल्या आर्यनकडे बघून जरासा थांबला. नेमके किती क्षण तो थांबला हे रेवानं मोजलं नाही, पण तिनं श्वास रोखला. "आर्यन, संपव बरं पटपट," तो म्हणाला, आणि तिनं सोडलेला श्वास तिला स्वतःलाच ऐकू आला.

वर कुणीतरी धावत हॉलमधून बेडरूमकडे गेलं.

५

सुचित्रानं तिला पुरतं ढासळवलं. दारात उभी राहून ती उन्हाळ्याच्या सुट्टीचं बोलत होती, शाळांच्या परीक्षा, विमानांची भाडी, आणि सहज म्हणाली, "तुझं बरं आहे बाई. पोराबाळांची कटकट नाही, मनात आलं की बॅग उचलायची." सुचित्रा, जी आर्यनच्या बारशाला डिंकाचे लाडू घेऊन आली होती. जिनं टाळी वाजवली होती.

रेवा दार लावून आत आली आणि तिनं सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावला. नातवावर जीव टाकणारी बाई, दर कॉलला "आधी माझ्या सोन्याला दाखव" म्हणणारी. रेवानं आर्यनला मांडीवर घेतलं, कॅमेऱ्यासमोर धरलं. सासूबाई मन भरून बघत राहिल्या.

"गोड आहे गं. शेजाऱ्यांचा का?" त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, मायेनं, "तुम्ही कधी देताय गोड बातमी?"

रेवाला वाटलं आपण किंचाळलो. प्रत्यक्षात तिनं कॉल बंद केला होता आणि आर्यनच्या केसांत तोंड खुपसून ती बसली होती. तिला प्रचंड भीती वाटली, आणि त्या भीतीच्या तळाशी राग होता. एक नारळ आणि ओंजळभर तांदूळ घातले म्हणून पोटचं पोर जातं? तिनं आर्यनचा हात धरला आणि ती जिना चढून वर गेली. दुपारची वेळ होती. खाली गॅरेजमध्ये कुणीतरी पत्रा ठोकत होतं.

घर तिच्या घरासारखंच होतं, तीच खिडकी, तोच कोनाडा. पण हॉलमध्ये एका लाकडी टेबलाभोवती चार खुर्च्या होत्या, एकमेकींपासून लांब. चार कोपऱ्यांत चार गाद्या घडी घालून ठेवलेल्या. मागच्या भागाला एक जाड, राखाडी पडदा. एसी बंद होता आणि तरीही तिथं घाम येत नव्हता. पत्रा ठोकल्याचा आवाज दार ओलांडताच थांबला.

"मैंने कुछ नहीं दिया," रेवा म्हणाली. "वो रस्म थी, बस. मेरा बच्चा मेरा है."

"रस्म ही थी," मार्था शांतपणे म्हणाली. "हमारी भी यही रस्म है. सब के सामने, खुशी से."

"मी खुशीनं नाही दिलं!" हे तिच्या तोंडून मराठीतच निघालं.

एलियानं खुर्ची पुढं केली. ती बसली नाही. "ले जाइए, बहन," तो म्हणाला. "हाथ तो आपके हाथ में है. हमने कब रोका? मेरी माँ भी आती थी. रोज आती, दरवाजे पर रोती थी. फिर एक दिन आयी तो रोई नहीं. पूछा, बेटा, थोडा पानी मिलेगा? बाहर बहुत धूप है." त्यानं मार्थाकडे पाहिलं आणि मार्थानं त्याच्याकडे. "मैंने ही पिलाया."

पडद्यामागून पावलं आली. टप, टप, दण्. आणि थांबली. अगदी पडद्याशी.

पडदा जमिनीपासून वीतभर वर होता. खाली दोन लहान पाय दिसत होते. डाव्या अंगठ्याला बँडेज होतं, पिवळ्या बदकांचं. सकाळी खुर्चीला ठेचकाळून आर्यनचा अंगठा फुटला होता तेव्हा रेवानं स्वतः फुंकर घालून ते लावलं होतं.

तिनं हळूच मान खाली घातली. तिचा हात धरून उभ्या असलेल्या आर्यनच्या अंगठ्याला बँडेज नव्हतं. जखमही नव्हती.

पडद्यामागच्यानं नाकातून श्वास ओढला, रडू आवरताना आर्यन ओढायचा तसा. चार पावलं पुढं जाऊन पडदा सारता आला असता. रेवानं तो सारला नाही. का, ते तिला पुढं कधीच सांगता आलं नसतं. हातात जो हात होता तो उबदार होता, आणि तो सोडायची तिची छाती झाली नाही. ती त्याला ओढत जिना उतरली.

घरी आल्यावर तिनं विचारलं, "बँडेज कुठं गेलं?"

"वर राहिलं," तो म्हणाला.

६

तिनं त्याच संध्याकाळची पुण्याची दोन तिकिटं काढली. डोकं आता थंड झालं होतं आणि हात भराभर चालत होते. जे काय होतंय ते इथं होतंय, या छताखाली. इथून निघालं की सुटलं. बॅगेत त्याचे कपडे भरताना ती स्वतःशी पुटपुटत होती. आर्यन कौशिक भावे. डाव्या कानामागं तीळ. जन्मला तेव्हा रडलाच नाही, नर्सनं पाठीवर चापट मारली तेव्हा रडला. आधी "बाबा" म्हणाला आणि मी दोन दिवस रुसले होते. गवार आवडत नाही. फुगा फुटला की घाबरतो. एक संपलं की पहिल्यापासून पुन्हा.

तो डायनिंग टेबलाशी चित्र काढत बसला होता, तोंडातून जीभ किंचित बाहेर काढून. ती बेडरूममध्ये जायची, दोन शर्ट आणायची, त्याच्याकडे बघायची. आर्यन कौशिक भावे. कानामागं तीळ. नर्सनं चापट मारली तेव्हा रडला. आधी काय म्हणाला होता बरं? काहीतरी म्हणाला होता आणि कुणीतरी रुसलं होतं. ती कपाटाशी उभी राहिली. हातात एक इवलासा निळा शर्ट होता, छान इस्त्री केलेला.

कुलपात किल्ली फिरली आणि कौशिक आत आला. आज लवकर आला होता. त्यानं बूट काढले, बॅग पाहिली.

"कुठं निघालीस?"

"पुण्याला. आर्यनला घेऊन. मी सांगते सगळं, आधी तू टॅक्सी..."

"कुणाला घेऊन?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. कौशिकची नजर टेबलाकडे गेली आणि तो हसला. परक्यांचं गोड मूल घरात दिसलं की माणूस जसा हसतो तसा, जरा वाकून, जरा जास्तच आनंदानं.

"अरे वा, पाहुणे आलेत! वरच्यांचा ना हा? काय काढतोयस रे, विमान?"

"कौशिक," ती म्हणाली. तिनं त्याची बाही धरली. "कौशिक, नीट बघ. आपला आहे तो. आपला मुलगा आहे. त्याचं नाव..."

नाव तिच्या जिभेवर होतं. आत्ता, या क्षणी होतं. तिनं तोंड उघडलं आणि ते तिथं नव्हतं. तिनं कानामागचा तीळ आठवला, पण कोणत्या कानामागचा ते आठवेना. पुढं होऊन तिनं मुलाला छातीशी धरलं. त्यानं चित्रावरून मान वर केली आणि तिच्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी तरारलं होतं, आणि ते का, हे तिला कळलं नाही.

"आई," तो मुलगा म्हणाला, "हाक मार."

दारावरची बेल वाजली.

कौशिकनं दार उघडलं. वरच्या मजल्यावरचं जोडपं बाहेर उभं होतं, मध्ये हातभर अंतर ठेवून. "आइए, आइए," कौशिक म्हणाला, "आपका साहबजादा यहीं है. बडा प्यारा बच्चा है." त्यानं मुलाला टेबलापासून उचललं. मुलानं दोन्ही हातांनी रेवाचा दंड धरून ठेवला होता. कौशिकनं हसत हसत, अगदी हळुवार, एकेक बोट सोडवलं.

रेवाला ओरडायचं होतं, दारापर्यंत धावायचं होतं, कुणाला तरी ढकलायचं होतं. पण तिच्या ओठांवर शेजारधर्माचं एक हसू उमटलं.

"सँभालके ले जाइए," ती म्हणाली. "बहुत प्यारा है."

बाईनं मान लववली. मूल मागं वळून बघत होतं. दार लागलं.

कौशिक हात धुवायला गेला. रेवा स्वयंपाकघरात आली, तिनं दोघांपुरतं पाणी मोजून घेतलं, आलं ठेचलं, चहा टाकला. टेबलावर कुणाचं तरी अर्धवट चित्र पडलं होतं, ते तिनं उचलून बाजूला ठेवलं, वरची मुलं येतील न्यायला म्हणून. हॉलमध्ये एक भरलेली बॅग होती. आपण कुठं निघालो होतो?

"काय गं," कौशिक टॉवेलनं हात पुसत दारात आला. "रडतेस का?"

तिनं गालाला हात लावला. गाल ओला होता, हनुवटी ओली होती, कुडत्याचा गळा भिजला होता. आपण बराच वेळ रडत असणार हे तिच्या लक्षात आलं, आणि ती नवऱ्याकडे बघून ओशाळं हसली. का रडतोय, ते तिला खरंच सांगता येईना.